हलकी .३३८ की जड .३७५? रायफलचा धक्का आणि काडतुसाची ताकद कशी जोखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून येऊन कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात स्थायिक झालेले एक गृहस्थ गेली पाच वर्षं .३०८ विंचेस्टरने (आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) हरणांची शिकार करतात. यंदा त्यांना मूसच्या सोडतीत परवाना मिळाला आहे. मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं साडेचारशे किलोचं धूड, त्यात अस्वलांचा मुलूख, म्हणून मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची, रायफल घ्यायचं त्यांच्या मनात आहे. दुकानात दोन जुन्या रायफली पाहून ठेवल्या आहेत. एक .३३८ विंचेस्टर मॅग्नम, फायबरच्या दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग), दुर्बिणीसकट ३.४ किलो. दुसरी .३७५ हॉलंड अँड हॉलंड, अक्रोडाच्या लाकडाची, दुर्बिणीसकट ४.३ किलो. दुकानदार म्हणतो, ".३७५ आफ्रिकेतल्या रेड्यांसाठी, खांदा उखडून ठेवेल. .३३८चा धक्का कमी, तीच न्या." हे खरं का, आणि कोणाची ताकद किती, हे त्यांनी मला लिहून विचारलं आहे. उत्तर त्यांनाच उद्देशून देतो.

मी याच प्रांतात, प्रिन्स जॉर्ज शहराच्या बाजूला, सव्वीस वर्षं रायफली दुरुस्त करतो, दस्ते बसवतो आणि हंगामाआधी शिकाऱ्यांना रेंजवर तयार करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: या दोन रायफलींत जी जड आहे तीच तुमच्या खांद्याला जास्त सोसवेल. आणि मूससाठी तुम्हाला या दोन्हींची गरज नाही. आता हे का, ते सविस्तर.

धक्का हा काडतुसाचा गुण नाही. तो काडतूस आणि रायफल या जोडीचा असतो. ".३३८चा धक्का किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे, कारण त्यात वजन आलेलं नाही. हिशेब शाळेतल्या संवेगाचा आहे. नळीतून पुढे जे जातं त्याचा संवेग, तोच रायफलला मागे मिळतो. पुढे दोन गोष्टी जातात, एक गोळी आणि दुसरी जळलेल्या दारूचा वायू. लोक वायू विसरतात. तो तोंडाशी सुटताना सेकंदाला सुमारे १,२२० मीटर वेगाने निघतो असं धरायची पद्धत आहे.

तुमची .३३८ घेऊ. गोळी २५० ग्रेन म्हणजे १६.२ ग्रॅम, वेग सेकंदाला ८११ मीटर. दोन्हींचा गुणाकार, किलोमध्ये, १३.१. दारू सुमारे ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम. वायूचा वाटा ५.५. बेरीज १८.६. तिला ३.४ किलोने भागा: रायफल सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने तुमच्या खांद्यावर येते. त्या वेगाची ऊर्जा ५१ ज्यूल, म्हणजे इथल्या भाषेत ३८ फूट-पौंड.

आता .३७५. गोळी ३०० ग्रेन, १९.४ ग्रॅम, वेग ७७१ मीटर. तिचा वाटा १५. दारू ७८ ग्रेन, वायूचा वाटा ६.२. बेरीज २१.२. भागिले ४.३ किलो. वेग सेकंदाला ४.९ मीटर, ऊर्जा ५२ ज्यूल. पुन्हा ३८ फूट-पौंड.

म्हणजे ऊर्जा अगदी बरोबरीची. दुकानदाराचं म्हणणं इथेच पडलं. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण खांद्याला ऊर्जेचा आकडा कळत नाही, त्याला वेग कळतो. साडेपाच मीटरने येणारा दस्ता आणि ४.९ मीटरने येणारा दस्ता यांत फरक बारा टक्क्यांचा आहे. कागदावर थोडा वाटतो, गालाच्या हाडावर बराच. जड रायफल माणसाला ढकलते, हलकी थप्पड मारते. रेंजवर मी दोन्ही प्रकार शेकडो लोकांच्या हातात दिलेत. जड .३७५ झाडून माणूस एक पाऊल मागे सरतो आणि हसतो. हलकी .३३८ झाडून तो आधी डोळे मिटतो, मग रायफलकडे बघतो. माझ्या अनुभवात सेकंदाला साडेचार मीटरच्या पुढे गेलं की बहुतेकांचा नेम बिघडायला लागतो, मग ऊर्जेचा आकडा काहीही असो. तुमच्या दोन्ही रायफली त्या रेषेच्या पलीकडे आहेत, पण एक जरा पलीकडे आणि दुसरी बरीच.

तुमची सध्याची .३०८ याच हिशेबात बसवून बघा. १६५ ग्रेनची गोळी, दुर्बिणीसकट ३.६ किलो: वेग ३.४ मीटर, ऊर्जा साडेपंधरा फूट-पौंड. म्हणजे नव्या रायफलीचा धक्का अडीचपट. "थोडा जास्त असेल" असं मनात धरून कुणी गेलं की पहिल्या पाच गोळ्यांतच सवय बिघडते, आणि बिघडलेली सवय सुधारायला पाचशे गोळ्या लागतात.

हिशेब तुम्ही घरी करू शकता. रायफल वजनकाट्यावर ठेवा, पण जशी जंगलात नेणार तशी: दुर्बीण, पट्टा, भरलेलं मॅगझिन, सगळं धरून. कॅटलॉगमधलं वजन नुसत्या रायफलचं असतं. गोळीचं वजन काडतुसाच्या खोक्यावर आणि वेग खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात मिळतो. दारूचं वजन सहसा छापत नाहीत. ते दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यांतून, त्याच वजनाच्या गोळीसमोर बघून अंदाजे धरा. पाच ग्रेन इकडेतिकडे झाले तरी उत्तर दीड फूट-पौंडाने हलतं, काही बिघडत नाही.

वायूचा वाटा मी मुद्दाम वेगळा दाखवला. .३३८मध्ये तो एकूण धक्क्याच्या जवळपास तीस टक्के आहे. नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक काम करतो तो याच वाट्यावर, वायू बाजूला आणि मागे वळवून. धक्का खरोखर उतरतो, त्यात शंका नाही. पण तो वायू आवाज घेऊन तुमच्या कानाकडे आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याकडे येतो. जंगलात मूस समोर आला की कानावर मफ चढवायला कुणी थांबत नाही. माझ्या डाव्या कानात गेली बारा वर्षं सतत एक बारीक शिट्टी वाजते. ती ब्रेक लावलेल्या एका रायफलीशेजारी, उघड्या कानांनी, एकदाच उभं राहिल्याची किंमत आहे. स्वीडन-फिनलंडमध्ये आवाज दाबणारी नळी सर्रास लावतात आणि तिच्याने धक्काही उतरतो, पण कॅनडात ती बाळगणंच गुन्हा आहे. म्हणून इथे ब्रेक नको, वजन घ्या.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे दस्ता. हिशेबात तो येत नाही, अंगाला मात्र येतो. दुकानात रायफल खांद्याला लावाल तेव्हा चार गोष्टी बघा. दस्त्याचा मागचा भाग रुंद आहे का? अरुंद असेल तर तेवढाच धक्का निम्म्या जागेत घुसतो. पाठ सरळ आहे का? जुन्या दस्त्यांची पाठ मागे खाली उतरलेली असते, लोखंडी साइटसाठी. त्यावर दुर्बीण चढवली की गाल वर तरंगतो आणि रायफल उसळून गालावर आपटते. मागचं रबर बोटाने दाबून बघा; वीस वर्षांत ते विटेसारखं कडक होतं आणि बदलायला फार खर्च येत नाही. चौथी गोष्ट लांबी. इथल्या ऑक्टोबरात तुम्ही जाड जॅकेट घालणार, त्याने दस्ता दोन सेंटिमीटरने लांब झाल्यासारखा होतो. मग दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसतो, आणि दंडावर बसलेली .३०८सुद्धा झोंबते. म्हणून दुकानात जाताना तेच जॅकेट घालून जा.

दुर्बिणीबद्दल मला माझंच सांगायचं आहे. २००३ साली मी एक हलकी .३३८ घेतली, जवळजवळ तुम्ही बघताय तशीच. दुर्बीण हौसेने घेतलेली, पण डोळ्यापासून तिचं अंतर आठ सेंटिमीटरही सुटत नव्हतं. उतारावर, वरच्या दिशेने नेम धरून झाडली आणि दुर्बिणीच्या कडेने भुवई हाडापर्यंत फाटली. सहा टाके पडले. जखम दहा दिवसांत भरली, पण पुढचे दोन हंगाम ट्रिगर दाबायच्या क्षणी माझी मान आपोआप मागे जायची. मला ते कळतही नव्हतं. गोळ्या खाली-उजवीकडे पडायच्या आणि मी दुर्बीण फिरवत बसायचो. रेंजवरच्या एका वयस्क माणसाने न सांगता माझ्या मॅगझिनमध्ये दोन डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं घातली. ट्रिगर दाबला, टिक् आवाज झाला, आणि नळीचं टोक चार बोटं खाली गेलं. माझ्या डोळ्यांसमोर, रायफल न वाजता. त्या दिवशी मला रायफल विकावीशी वाटली आणि मी ती विकली.

ही डमीची चाचणी तुम्ही कराच. सोबत्याला सांगा, पाच काडतुसांत एक किंवा दोन डमी, कुठली ते तुम्हाला दिसता कामा नये. रायफल न वाजता नळीचं टोक जागेवर स्थिर राहिलं तर ते काडतूस तुमचं. हललं तर ते काडतूस अजून तुमचं नाही, मग खांदा कितीही दणकट असो. शरीर दणकट आहे की नाही याचा याच्याशी फार थोडा संबंध आहे. मी साठ किलोच्या बायका .३७५ शांतपणे झाडताना पाहिल्या आहेत आणि सव्वाशे किलोचे लाकूडतोडे .३०-०६ला दचकताना.

आणि हे सगळं उभ्याने. बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मोठं बोअर झाडलं की अंगाला मागे जायला जागा नसते, सगळा धक्का हाडांत जिरतो. नेम जुळवण्यापुरत्या तीन-चार गोळ्या बाकावरून, बाकीचं उभं राहून किंवा काठीच्या आधाराने. एका दिवसात दहाच्या वर नकोत. उरलेला सराव पॉइंट टू टूने. तुम्ही एनसीसीत ती झाडली आहे असं लिहिलंय, तोच हात परत बसवा.

आता ताकद. हा भाग जास्त फसवा आहे, कारण खोक्यावर एक मोठा आकडा छापलेला असतो आणि माणूस त्याच्यावर भाळतो. नळीच्या तोंडाशी ऊर्जा: तुमची .३०८ सुमारे २,६७० फूट-पौंड, .३३८ सुमारे ३,९३०, .३७५ सुमारे ४,२६०. यावरून वाटतं की .३७५ने मूस उडून पडेल. उडत नाही. वर काढलेला आकडा आठवा: .३७५च्या गोळीचा संवेग १५. तो सगळाच्या सगळा ४५० किलोच्या मूसमध्ये जिरला तरी मूसला मिळणारा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर. गोगलगाईपेक्षा जास्त, मुंगीच्या आसपास. जो धक्का तुम्हाला पाडत नाही तो सहापट वजनाच्या जनावराला कसा पाडेल?

जनावर मरतं ते भोकाने. गोळी फुप्फुसांतून, हृदयाच्या वरच्या नळ्यांतून आरपार गेली की रक्तदाब कोसळतो आणि ते पडतं. म्हणून ताकदीचा खरा प्रश्न आहे: गोळी किती रुंद होऊन किती खोल जाते, आणि वाटेत खांद्याचं हाड लागलं तर शाबूत राहते का? रुंदीत फरक बघा. .३०८ची गोळी ७.८ मिलिमीटर, .३३८ची ८.६, .३७५ची साडेनऊ. सगळ्या फुलून साधारण दुप्पट होतात. खोलीसाठी गोळीचं वजन तिच्या जाडीच्या मानाने किती आहे ते बघायचं. इथे त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .३० बोअरची १८० ग्रेन गोळी ०.२७१, .३३८ची २५० ग्रेन ०.३१३, .३७५ची ३०० ग्रेन ०.३०५. म्हणजे खोलीच्या बाबतीत .३३८ ही .३७५च्या मागे नाही, बारीकशी पुढेच आहे. .३७५ देते ती थोडी जास्त रुंदी आणि जास्त वजन. रेड्याच्या खांद्यावर त्याचा उपयोग होतो, मूसच्या फासळ्यांवर तो वाया जातो.

गोळीची बनावट या सगळ्यावर मात करते. तुमच्याच प्रांतातली गोष्ट आहे. १९४६ साली जॉन नॉस्लर हे अमेरिकन शिकारी ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला आले होते. हातात .३०० मॅग्नम, म्हणजे खोक्यावर भरपूर ताकद. चिखलाने लडबडलेल्या एका मोठ्या मूसवर गोळ्या झाडल्या, पण त्या वेगामुळे वरच फुटल्या, आत गेल्या नाहीत. परत जाऊन त्यांनी मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहतो. पार्टिशन नावाने ती आजही मिळते. माझ्या कामाच्या टेबलावर अशा दोन गोळ्या एका डबीत आहेत. एक शेजाऱ्याच्या .३०० मॅग्नमची साधी मऊ गोळी, चाळीस मीटरवरून झाडलेली: नुसतं तांब्याचं चुरगळलेलं साल, शिसं कुठे गेलं पत्ता नाही, आणि मूस संध्याकाळपर्यंत शोधावा लागला. दुसरी .३०-०६ची १८० ग्रेन पार्टिशन. दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातडीखाली अडकलेली, अळंबीसारखी फुललेली, तराजूवर ११८ ग्रेन. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मी आधी या दोन ठेवतो. बोअरबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मग आकड्यांना काहीच अर्थ नाही का? कायद्यापुरता आहे आणि तो पाळावा लागतो. इथे बायसनसाठी किमान १७५ ग्रेनची गोळी आणि १०० मीटरवर २,७१२ ज्यूल लागतात. नामिबियात हत्ती-रेड्यासाठी नळीच्या तोंडाशी ५,४०० ज्यूल लागतात; .३७५ त्यात बसते, .३३८ थोडक्यात चुकते. आफ्रिकेतला शिकारी जॉन टेलर याने वजन, वेग आणि गोळीची जाडी गुणून एक आकडा काढायची रीत सांगितली होती. त्यात .३०-०६ला २१, .३३८ला ३२ आणि .३७५ला ४१ येतात. ती रीत हत्तीच्या डोक्यावरच्या जड, न फुलणाऱ्या गोळ्यांसाठी होती. फुलणाऱ्या गोळीने मूस मारताना तिच्यावरून काही ठरवू नका.

.३७५ची थोडी जन्मकथा सांगायला हवी, कारण तिच्याबद्दलची भीती अनाठायी आहे. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने ती काढली. तिचं लांब, उतरतं काडतूस उष्ण मुलखात सहज सुटतं, आणि २३५ ते ३०० ग्रेनच्या गोळ्या ती सारख्याच शांतपणे झाडते. म्हणून भारतात आणि आफ्रिकेत ती पसरली. १९५८ची .३३८ तिच्याच काडतुसाच्या खानदानातली, फक्त आखूड केलेली. आखूड काडतूस आखूड रायफलीत बसतं, आखूड रायफल हलकी करायचा मोह होतो, आणि तुम्ही पाहिलेल्या रायफलीसारखी रायफल तयार होते. दोष काडतुसाचा नाही. तीच .३३८ चार किलोची असती तर मी तिला नाही म्हटलं नसतं. हलकीच घ्यायची असेल तर २१० ग्रेनची गोळी वापरा. धक्का ३८वरून ३३ फूट-पौंडांवर येतो.

मधला एक रस्ता जुन्या जर्मन शहाणपणाचा आहे: ९.३ × ६२. बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ साली, साध्या माउझर रायफलीत बसेल असं, आफ्रिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांसाठी बनवलं. २८६ ग्रेनची गोळी, ३.९ किलोच्या रायफलीत ३१ फूट-पौंड, वेग ४.६ मीटर. मोठं बोअर हवंच असेल तर माझा कौल याला. इथे काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, एवढीच अडचण.

अस्वलांचं म्हणाल तर रायफलीवर भिस्त ठेवू नका. इथली ग्रिझली अस्वलाची शिकार २०१७च्या डिसेंबरात बंद झाली. धोका असतो तो मूस सोलताना, आणि तेव्हा तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत असतात, रायफल झाडाला टेकलेली असते. ती .३०८ असो वा .३७५, दहा पावलांवरच आहे. कमरेला अस्वलाचा स्प्रे लावा, सोबत्याला पाठीला पाठ लावून उभं करा, मांस पटकन हलवा आणि आतडी ठेवल्या जागेपासून लांब राहा.

आजोबांच्या पॉइंट थ्री वन फाइव्हचा उल्लेख तुम्ही केला आहे. गावाकडची ती रायफल लष्करी ली-एनफिल्डच्या धर्तीवरची आहे, आणि तिचा धक्का "काहीच नव्हता" असं आठवतंय त्याचं कारणही वजन आणि मंद गोळी. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथे आता हौशी शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. हे सगळं इथल्या परवान्याच्या हंगामापुरतं आहे.

आता तुमच्यासाठी. या हंगामाला .३०८च घेऊन जा. १८० ग्रेनची पार्टिशन किंवा १६५ ग्रेनची अखंड तांब्याची गोळी, १५० मीटरच्या आत, मूस आडवा उभा असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात. इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जुन्या .३०३ने मूस मारले आहेत. गोळी लागल्यावर मूस बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, नुसता उभा राहतो किंवा शांतपणे चालायला लागतो. चुकली असं समजून थांबू नका. बोल्ट चालवा, उभा असेतोवर पुन्हा झाडा.

हंगाम संपल्यावर .३७५ तिथेच असेल तर दुकानदाराला विचारून रेंजवर न्या. रबर नवं बसवून घ्या, जॅकेटवर लांबी मापून घ्या, आणि डमी काडतुसं खिशात ठेवा. दस्ता कापावा लागला तर आधी सेंटिमीटरभरच कापायला सांगा. उरलेलं नंतर कापता येतं.